उपमुख्यमंत्री साखर कारखान्याची निवडणूक का लढवतो?

२०२५ च्या जूनमध्ये बारामती तालुक्यातल्या माळेगाव सहकारी साखर कारखान्याची निवडणूक झाली. तेव्हा राज्याचे उपमुख्यमंत्री असलेले अजित पवार स्वतः संचालकपदासाठी उभे राहिले. तेही ‘ब’ वर्ग नावाच्या, जेमतेम शंभरेक मतांच्या गटातून. ते निवडून आले आणि पुढे कारखान्याचे चेअरमनही झाले. त्या दिवसांत पुण्या-मुंबईतल्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला. ज्याच्या हाती राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या आहेत, त्याला एका कारखान्याच्या खुर्चीचं एवढं काय?

प्रश्न रास्त आहे. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला मात्र तो पडत नाही, कारण त्याला उत्तर लहानपणापासून ठाऊक असतं. फक्त ते कुणी नीट मांडून सांगत नाही. म्हणून हा प्रयत्न.

आधी दोन-चार शब्द

सहकारी साखर कारखान्याचे मालक शेतकरी. शेअर घेतला की तुम्ही सभासद. जमीन एक एकर असो वा चाळीस, मत एकच. सभासद संचालक निवडतात आणि संचालक चेअरमन निवडतात. निवडणुकीत चिन्ह पक्षाचं नसतं, लढाई पॅनेलची, म्हणजे एकत्र उभ्या राहिलेल्या उमेदवारांच्या गटांची असते. एकाच पॅनेलमध्ये तीन पक्षांचे लोक सुखानं नांदतात, त्यामुळे बाहेरचा माणूस गोंधळतो.

‘सोसायटी’ म्हणजे गावातली विकास सोसायटी. पीककर्ज तिथून मिळतं. सोसायटीला पैसा देते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, लोकांच्या तोंडी ‘डीसीसी’, आणि तिच्या वर राज्य सहकारी बँक. ‘एफआरपी’ म्हणजे उसाला कायद्यानं द्यावाच लागणारा किमान भाव. एवढे शब्द पुरे.

पाणी वरून खाली, मतं खालून वर

धरणाचं पाणी शेतात कसं येतं ते आठवा. धरणातून मोठ्या कालव्यात, तिथून वितरिकेत, मग चारीत आणि शेवटी तुमच्या सरीत. चारीच्या तोंडाशी जो दारं धरून उभा असतो, त्याच्या हातात फक्त खोरं असतं. पण त्या दिवशी तुमच्या पिकासाठी धरणाच्या इंजिनियरपेक्षा तोच मोठा.

महाराष्ट्रातली सत्ता अशीच वाहते. कर्ज, अनुदान, नोकऱ्या, प्रवेश हे सगळं वरून खाली येतं आणि मतं खालून वर जातात. सोसायटी, बाजार समिती, दूध संघ, कारखाना, डीसीसी, जिल्हा परिषद, विधानसभा अशी ही रांग आहे. जो नेता जास्तीत जास्त चाऱ्यांच्या तोंडाशी आपली माणसं उभी करतो, त्याला धरणावर कोण बसलंय याची फारशी चिंता नसते. सरकारं बदलतात, चारीवरचा माणूस तोच राहतो.

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी निवडतात. म्हणजे खालची रांग थेट वरच्या सभागृहात पोचण्याची सोय कायद्यातच आहे.

हे सुरू कसं झालं

सुरुवात चांगल्या हेतूनं झाली आणि ती कमी लेखणं मला मान्य नाही. त्या काळी साखर कारखाने खासगी होते आणि भाव कारखानदार ठरवील तो. नगर जिल्ह्यात लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५०-५१ च्या हंगामात तिथल्या प्रवरा कारखान्याचं पहिलं गाळप झालं. देशातला हा पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना. ज्यांना सावकार दारात उभं करत नव्हता, ते एका कारखान्याचे मालक झाले.

१ मे १९६० ला राज्य झालं. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं सहकारी संस्थांचा कायदा केला आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मुंबईत उद्योगपती होते, शिकलेला वर्ग होता, पण ग्रामीण भागात नवं नेतृत्व घडवायला शाळा हवी होती. ती शाळा म्हणजे कारखाना आणि जिल्हा परिषद. सांगलीत वसंतदादा पाटील, वारणेला तात्यासाहेब कोरे, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील, इचलकरंजीजवळ रत्नाप्पा कुंभार, संगमनेरला भाऊसाहेब थोरात ही सगळी त्या शाळेतली माणसं. वसंतदादा मुख्यमंत्री झाले. पुढे लातूरला मांजरा कारखान्याच्या बळावर विलासराव देशमुख उभे राहिले, परळीत गोपीनाथ मुंडेंनी वैद्यनाथ कारखाना उभा केला. पक्ष वेगळे असले तरी वाट एकच.

कारखाना उभारायच्या खर्चात सभासदांचा वाटा साधारण दहा टक्के, सरकारी भागभांडवल तीस टक्के आणि उरलेलं साठ टक्के कर्ज, असं सूत्र दीर्घकाळ चाललं. कर्जाला बहुधा सरकारची थकहमी. थकहमी म्हणजे कारखान्यानं बुडवलं तर सरकार भरेल. घराचं उदाहरण घ्या. दहा रुपये तुमचे, नव्वद दुसऱ्यांचे, आणि घराचा कारभार पाहणारा माणूस तुम्ही निवडलेला. तो कारभारी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारा नसेल तर ते नव्वद रुपये येणारच नाहीत. कारखाना चालवायचा तर राजकारणात असावं लागतं आणि राजकारणात टिकायचं तर कारखाना लागतो, ही गाठ तिथं बसली.

तोड कुणाची आधी?

आता ज्या जागी सत्ता रोज हाताला लागते, तिथं जाऊ.

ऊस पिकला की लगेच तुटावा लागतो. उशीर झाला की तुरा येतो, आत पोकळी धरते, वजन घटतं. शेत मोकळं झालं नाही तर पुढचं पीकही लांबतं. जानेवारी-फेब्रुवारीत उसाच्या गावात कुणाशीही बोला, विषय एकच, ‘तोड कधी?’ कारखान्याकडे लागणीच्या तारखेची नोंद असते आणि त्या क्रमानं तोडणीच्या टोळ्या याव्यात असा नियम. क्रम ठरवणारे शेतकी खात्याचे कर्मचारी. गावातला सगळ्यात खालचा म्हणजे चिटबॉय. हातात वही, बुडाखाली मोटरसायकल. मोठमोठे बागायतदार त्याला ‘दादा, चहा घ्या’ म्हणताना मी पाहिलेत. त्याला नोकरी कुणी लावली? संचालकानं. संचालकाला तिकीट कुणी दिलं? चेअरमननं. आता सांगा, चेअरमनच्या विरोधात उघड बोलायचं धाडस फेब्रुवारीत शेतात ऊस उभा असताना कोण करील?

दुसरी नस म्हणजे पैसा. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं ठरवलेली एफआरपी होती क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. ती १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. उतारा प्रत्येक ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागे ३.४६ रुपये जास्त, टनामागे ३४ रुपये ६० पैसे. ऐकायला किरकोळ वाटतं. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्यात तोच दशांश ३ कोटी ४६ लाख रुपये होतो. आणि उतारा मोजतं कोण? कारखान्याचीच प्रयोगशाळा. तोडणी-वाहतुकीचा खर्चही या भावातूनच कापला जातो. शिवाय सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातूनच वळतं होतं, म्हणून उसाला बँक निर्धास्तपणे कर्ज देते. तुमचं कर्ज, तोड, वजन, भाव हे सगळं एकाच दारातून जातं आणि त्या दाराची चावी एकाकडे असते.

शंभर मतांचा गट एवढा महत्त्वाचा कसा?

‘ब’ वर्ग समजला की बरंच कोडं सुटतं. या वर्गातले मतदार व्यक्ती नसतात, संस्था असतात. सोसायटी मत देणार कशी? तिची कमिटी ठराव करते की आमच्या वतीनं अमुक माणूस मतदान करील. ज्याच्या नावचा ठराव, तो मतदार. डीसीसी आणि दूध संघाच्या निवडणुकीत तर मुख्य खेळच या ठरावांचा. तिथं प्रचार सभांतून होत नाही. आधी दोन-तीन वर्षं गावच्या सोसायट्या ताब्यात घेण्यातून होतो. ठराव गोळा झाले की ठरावधारकांना एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी सहलीला नेऊन ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी थेट केंद्रावर उतरवतात. गावच्या सोसायटीच्या तेरा जागांसाठी भावकीत डोकी का फुटतात, याचं उत्तर इथं आहे. त्या तेरा जणांपैकी बहुमत ज्याचं, त्याच्याकडे जिल्ह्याच्या बँकेचं एक मत.

कारखान्यातून कॉलेज

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती गरिबाच्या पोराला शिकवायला. वसतिगृहातली मुलं स्वतः राबून शिकली. १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे हजारो मुलांची कर्नाटकातल्या कॉलेजांकडे जाणारी रांग थांबली, हे खरंच. पण आधीच कारखाना, जमीन आणि बँक ज्यांच्या हाती होती, त्यांच्यातल्या अनेकांच्या कॉलेजच्या इमारतीही उभ्या राहिल्या. आता एकाच नावाखाली प्रवेश, प्राध्यापकाची नोकरी आणि दवाखानाही आला. कारखान्याच्या खुर्चीसाठी निवडणूक लागते, शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळाला सभासद शेतकऱ्यांची मतं लागत नाहीत. माझ्या मते महाराष्ट्रातली घराणी साखरेनं उभी राहिली, पण टिकली शिक्षणसंस्थांमुळे.

शहरांत हीच साखळी वेगळ्या कड्यांची असते: जमीन, बांधकाम, नागरी बँक, महापालिका. तीही नवी नाही. व्यापार, शिक्षण, सार्वजनिक काम आणि कायदेमंडळ हे सगळं एका माणसात एकवटल्याचं उदाहरण मुंबईनं नाना शंकरशेट यांच्या रूपानं एकोणिसाव्या शतकातच पाहिलं.

‘म्हणजे हे सगळे लुटारूच, असं म्हणायचंय का?’

नाही. ज्या तालुक्यांत कारखाना नीट चालला, तिथले रस्ते, उपसा सिंचन, दवाखाने, मुलींच्या शाळा यांची तुलना शेजारच्या कोरडवाहू तालुक्याशी करून बघा. फरक डोळ्यांनी दिसतो. दोष माणसांपेक्षा रचनेत आहे. जो कर्ज मागतो आणि जो मंजूर करतो, ते दोघं एकाच पंगतीत बसतात. कारखान्याचा चेअरमनच बँकेचा संचालक. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. त्या मंडळात एकाच पक्षाचे लोक नव्हते. थकलेल्या कर्जापोटी अनेक सहकारी कारखाने विक्रीला निघाले आणि त्यातले काही राजकारणाशी जवळीक असलेल्यांच्याच कंपन्यांनी घेतले. शेअरची पावती घरात जपून ठेवलेल्या म्हाताऱ्या सभासदाला मात्र आपला कारखाना विकला गेल्याचं पेपरातून कळलं.

‘आता खासगी कारखाने आलेत, हे आपोआप संपेल’

अलीकडच्या हंगामांत राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात आणि त्यातले जवळजवळ निम्मे खासगी आहेत. स्पर्धेमुळे काही भागांत शेतकऱ्याला फायदाही झाला, इकडे तोड येत नसेल तर तिकडे घालता येतो. पण खासगी कारखान्यांचे मालक बघितले तर पुष्कळ ठिकाणी आडनावं जुनीच सापडतात. बदलली ती एक गोष्ट: सहकारात तुम्ही मालक होता, इथं फक्त माल घालणारे. तिथं वर्षातून एकदा तरी हिशेब विचारता यायचा. सहकारात दोष आहेत म्हणून तो मोडीत निघावा, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

‘संस्था हातात असली की निवडणूक जिंकलीच’

तसंही नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेचे दोन निकाल शेजारी ठेवा. कऱ्हाड दक्षिणमध्ये माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हरले, जिंकले अतुल भोसले. त्यांच्या घराण्याकडे कृष्णा कारखाना आणि त्याभोवतीच्या संस्था. हा निकाल साखळीच्या बाजूनं. त्याच दिवशी संगमनेरमध्ये १९८५ पासून सलग आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात हरले, कारखान्यापासून दूध संघापर्यंत संस्थांचं जाळं पाठीशी असताना. दोन्ही निकालांमागे इतरही कारणं होती. तरी एवढं दिसतं की साखळी मतदाराला दारापर्यंत आणते, आतलं बटण त्याच्याकडून नेहमीच दाबून घेऊ शकत नाही.

साखळीबाहेरूनही माणसं मोठी झाली. शरद जोशींनी भावाच्या प्रश्नावर शेतकरी रस्त्यावर आणला. राजू शेट्टी ऊसदराच्या आंदोलनातून दोनदा लोकसभेत गेले. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली होती. ती शेट्टींच्या याचिकेवर मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आहे. तो कोणत्याही चेअरमनची मेहेरबानी नाही.

ज्यांना मतच नाही

या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठंच येत नाही. ऊस तोडणारा. दिवाळीनंतर बीडकडून आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, माणसाची मोजणीच हत्यारावरून. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. ती फेडेपर्यंत पहाटे थंडीत फड, रात्री ट्रॉली भरणं आणि मध्ये पाचटाच्या कोपीत संसार. मी एका फडाच्या बांधावर सहा-सात वर्षांची मुलगी पाहिली होती. लहान भावाला झोळीत हलवत होती आणि दुसऱ्या हातानं वाढ्यांची पेंढी बांधत होती. तिच्या आई-बापाच्या हातून गेलेल्या उसावर कारखाना, बँक, कॉलेज, आमदारकी सगळं उभं आहे. पण ते सभासद नाहीत, म्हणून कारखान्यात त्यांना मत नाही. आणि हंगामात गावच्या पंचायतीचं किंवा विधानसभेचं मतदान आलं तर ते दोनशे-तीनशे किलोमीटर दूर फडात असतात. मतांवर चालणाऱ्या रचनेत बिनमताच्या माणसाची दखल सगळ्यात शेवटी घेतली जाते. सहकाराच्या गौरवाच्या भाषणांत हे कधीच येत नाही आणि त्याचा मला राग येतो.

सभासदाच्या हातात काय आहे?

माहितीचा अधिकार सहकारी संस्थेला सरसकट लागू नाही. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळत असेल तरच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. पण त्याच निकालानं एक दार उघडं ठेवलं: सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या निबंधक कार्यालयाला कायद्यानं जी माहिती संस्थेकडून मागता येते, ती तिथून मिळवता येते. साखर कारखान्यांचं निबंधकाचं काम पुण्यातलं साखर आयुक्तालय पाहतं. शिवाय सभासदाला ताळेबंद आणि सभेचं इतिवृत्त बघायचा हक्क आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते.

माझे मामा पंचेचाळीस वर्षं एका कारखान्याचे सभासद आहेत. अशा एका सभेला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या, पुढच्या चार रांगा कामगारांनी आणि पॅनेलच्या माणसांनी सकाळीच धरलेल्या. सेक्रेटरी विषय वाचायचे, ‘मंजूर का?’ आणि पुढून गजर व्हायचा, ‘मंजूऽर!’ बारा विषयांपैकी तीन दहा मिनिटांत संपले. चौथ्याला मामा अहवाल हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, नफा-तोटा पत्रकात ‘इतर खर्च’ मागच्या वर्षीच्या दुप्पट दिसतोय, तो कशाचा? व्यासपीठावरून उत्तर आलं, “ऑफिसला या, काका, सगळं दाखवतो.” मामा म्हणाले, “ऑफिसात नको साहेब, इथंच सांगा. आणि माझा प्रश्न प्रोसिडिंगला घ्या.” पुढून ओरडा झाला, माइक दुसऱ्याकडे गेला. मामा खाली बसले नाहीत. शेवटी सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्या हंगामात मामांची तोड नेहमीपेक्षा तीन आठवडे उशिरा आली. त्याचा सभेशी संबंध होता की नाही, यावर ते आजही काही बोलत नाहीत. पुढच्या सप्टेंबरात नवा अहवाल पोस्टानं आला तेव्हा त्यांनी फोटोंची पानं उलटून आधी मागच्या सभेचं इतिवृत्त काढलं. विषय क्रमांक ४ खाली त्यांचं नाव आणि प्रश्न छापलेला होता. मग चष्मा पुसून त्यांनी नफा-तोटा पत्रक उघडलं. ‘इतर खर्च’ ही एक ओळ जाऊन तिथं सहा ओळी आल्या होत्या. मामांनी पेन्सिल मागितली आणि तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली.